मुक्या जिवांचे आश्रयदाते

पुण्यात मुळा आणि मुठा या दोन नद्यांचा संगम होतो व पुढे त्या एकाच पात्रातून पूर्वेकडे वाहू लागतात. संगमाच्या खाली काही अंतरावर या पात्रात एक जुना दगडी बंधारा आहे. पुणेकरांस पाण्याची सोय व्हावी म्हणून तो १८५० च्या सुमारास बांधण्यात आला. त्याच्या शेजारच्या बागेस महात्मा गांधी उद्यान असे नाव असले तरी लोक तिला अजूनही बंड गार्डन म्हणतात. या ‘बंडा’चा बंडखोरीशी काही संबंध नाही. बंधाऱ्यास इंग्रज लोक बंड म्हणत, तेच नाव बागेला चिकटले. बंधाऱ्यासाठी जो खर्च आला त्याचा बराच मोठा भाग मुंबईच्या एका पारशी व्यापाऱ्याने आपल्या पदरचा दिला. त्यांचे नाव सर जमशेटजी जीजीभाई.

जमशेटजींच्या औदार्याच्या खुणा मुंबईत पावलोपावली दिसतात. १८४५ साली सुरू झालेले जे. जे. रुग्णालय त्यांचे, १८५७ साली स्थापन झालेले चित्रकलेचे विद्यालय त्यांच्या देणगीचे आणि वांद्रे व माहीम यांना जोडणारा रस्ता त्यांच्या पत्नी अवाबाई यांच्या पैशातून झालेला. ही कामे सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या हातून आणखी एक कार्य घडले. ज्यांना कोणी वाली नव्हता, ज्यांच्या अंगावर दंडुके उगारले जात होते, अशा रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी त्यांनी आश्रयस्थान उभे केले. त्याची हकीकत मोठी विलक्षण आहे.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ रोजी झाला. घरची स्थिती अगदी बेताची होती. १७९९ मध्ये, ते सोळा वर्षांचे असताना, त्यांचे आई व वडील दोघेही वारले. पोरका झालेला हा मुलगा मुंबईस आपल्या मामांकडे आला. मामा फ्रामजी नसरवानजी हे जुन्या बाटल्यांचा व्यापार करीत, म्हणून लोक त्यांना बाटलीवाला म्हणत. जमशेटजी त्यांच्या दुकानात राबू लागले आणि बाटलीवाला हे नाव काही काळ त्यांनाही मिळाले. शालेय शिक्षण असे त्यांना फारसे लाभले नाही. हिशेब, भाषा आणि माणसांची पारख या गोष्टी ते व्यापार करता करता शिकले.

त्या काळी मुंबईचा मोठा व्यापार चीनशी चाले. जमशेटजींनी चीनच्या पाच सफरी केल्या. त्यांतील चौथी सफर त्यांच्या जिवावरच बेतली होती. १८०५ च्या जुलै महिन्यात ते ‘ब्रन्सविक’ नावाच्या इंग्रजी जहाजावर होते. इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध चालू होते. सिंहलद्वीपाजवळ फ्रेंच आरमाराने हे जहाज पकडले आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे नेले. जमशेटजींचा सारा माल गेला. परक्या देशात, परक्यांच्या कैदेत, पैशावाचून दिवस काढण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण शल्यवैद्य होता. पुढे हाच जार्डिन चीनच्या व्यापारातील बडा सावकार झाला आणि जमशेटजींचा जन्माचा सोबती ठरला. पुष्कळ हाल सोसून जमशेटजी कलकत्त्याच्या वाटेने मुंबईस परत आले.

त्यानंतर मात्र त्यांचे दैव फळफळले. कापूस आणि अफू यांच्या व्यापारात त्यांनी अपार संपत्ती मिळविली. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चीनमध्ये अफू आणण्यास तेथील बादशहाने बंदी केली होती. तरीही इंग्रज व हिंदी व्यापारी ती चोरट्या मार्गाने तेथे पोहोचवीत आणि तिच्या व्यसनाने त्या देशातील असंख्य कुटुंबे धुळीस मिळाली. जमशेटजींच्या दानशूरपणाचे वर्णन करताना या संपत्तीचा एक उगम कोठे होता हे झाकून ठेवणे बरोबर नाही. त्यांच्या व्यापारातील भागीदारही निरनिराळ्या धर्मांचे होते. मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान आणि रोजेरिओ द फारिया हे गोव्याकडील ख्रिस्ती. यांपैकी मोतीचंद, म्हणजे मुंबईकरांचे मोतीशा शेठ, यांचे नाव या कथेत पुन्हा येणार आहे.

पैसा आला तसा जमशेटजींचा हातही सैल झाला. मुंबईच्या दिवाणी तुरुंगात कर्ज फेडता न आल्यामुळे अनेक गरीब माणसे खितपत पडली होती. १८२२ साली जमशेटजींनी त्यांची देणी स्वतः चुकती करून त्यांना मोकळे केले. कैद म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

आता १८३२ सालाकडे वळू. त्या काळची मुंबई आजच्या मुंबईच्या मानाने फारच लहान होती. किल्ल्याच्या तटाआत घरे दाटीने उभी होती. इंग्रज अधिकारी, पारशी व्यापारी, हिंदू दुकानदार अशी सारी वस्ती त्यात कोंबलेली होती. गल्लीबोळांतून मोकाट कुत्र्यांची संख्या बरीच वाढली होती. त्यांच्यापासून उपद्रव होत नव्हता असे नाही. पिसाळलेले कुत्रे चावले की माणसास जलसंत्रास होतो आणि एकदा तो झाला की मृत्यू ठरलेलाच, हे लोक पाहत होते. त्यावर लस नव्हती, औषध नव्हते. सरकारला वाटणारी भीती खोटी नव्हती. म्हणून १८१३ पासून मुंबईत असा नियम होता की, वर्षातील ठराविक उष्ण महिन्यांत मोकाट कुत्री मारून टाकावीत.

१८३२ साली कुत्री मारण्याची ही मुदत जून महिन्यात वाढविण्यात आली. प्रत्येक मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. त्या वेळच्या गरीब माणसास ही रक्कम लहान नव्हती. मग काय विचारता! बक्षिसाच्या लोभाने पोलिसांचे शिपाई पिसाळलेले कोणते आणि शहाणे कोणते हे पाहीनासे झाले. ओट्यावर झोपलेली, दाराशी बसलेली, एवढेच नव्हे तर घरात पाळलेली कुत्रीही ओढून नेऊन त्यांच्या डोक्यात दंडुके घालण्यात येऊ लागले. रस्त्यात रक्त सांडू लागले. कुत्री माणसाची चाहूल लागताच पायांत शेपूट घालून मोऱ्यांत आणि जिन्यांखाली दडू लागली.

हे सारे पाहून पारशी लोकांची मने अतिशय दुखावली. पारशी धर्मात कुत्र्याला फार मोठा मान आहे. वेंदिदाद या त्यांच्या प्राचीन ग्रंथाचे एक प्रकरण कुत्र्यांविषयीच आहे. कळप राखणाऱ्या किंवा घर राखणाऱ्या कुत्र्यास मारणे, त्याला उपाशी ठेवणे, शिळेपाके घालणे हे त्यात पाप मानले आहे. मृत्यूनंतर आत्म्यास चिन्वत नावाचा पूल ओलांडावा लागतो आणि त्या पुलावर कुत्रे राखण करीत असतात, अशी त्यांची श्रद्धा. पारशी मनुष्य मरण पावला म्हणजे त्याच्या देहाजवळ कुत्र्यास आणून त्याची दृष्टी देहावर पडू देतात. या विधीस सगदीद म्हणतात. सग म्हणजे कुत्रा आणि दीद म्हणजे पाहणे. ज्या प्राण्याच्या दृष्टीवाचून अखेरचा विधी पुरा होत नाही, त्याला भर रस्त्यात ठेचून मारलेले पाहणे त्यांना कसे सहन व्हावे?

हिंदूंना व जैनांनाही हा प्रकार रुचला नव्हता. अहिंसा हा तर जैनांचा परमधर्म. महाराष्ट्रात श्रीदत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळविली तेव्हा ते हातात तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. धर्मराज युधिष्ठिराने तर बरोबर आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारले होते.

६ जून १८३२ हा पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशीही कुत्री मारण्याचे काम थांबले नाही. तेव्हा मात्र लोकांचा संयम सुटला. सुमारे दोनशे पारशांच्या जमावाने किल्ल्यात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडलाच नाही. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमान दुकानदारांनीही आपली दुकाने बंद ठेवली. कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी अन्नसामग्री अडविण्यात आली. इंग्रज अधिकाऱ्यांच्या गाड्यांवर घाण फेकण्यात आली. अखेर सरकारने लष्कर बोलाविले, जमाव पांगविला आणि पुढाकार घेणाऱ्यांस पकडले. त्यांच्यावर खटले चालून काहींना कारावासाच्या शिक्षा झाल्या. मुंबईच्या इतिहासात हे प्रकरण कुत्र्यांचा दंगा म्हणून ओळखले जाते.

दंगा शमला, परंतु पेच कायमच राहिला. सरकारने माघार घ्यावी तर दंगेखोरांपुढे नमल्यासारखे होणार. लोकांनी गप्प बसावे तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा दंडुके उगारले जाणार. तुरुंगात पडलेल्यांची कुटुंबे चिंतेत होती. पारशी पुढाऱ्यांची स्थिती तर फारच अवघड झाली. त्यांचा सारा व्यापार इंग्रजांच्या मैत्रीवर उभा होता. जमशेटजींसारख्या माणसाने या वेळी हात झटकून घरात बसणे सोयीचे होते. दंग्यात ते नव्हते आणि दगडफेक त्यांना मान्यही नव्हती.

त्यांनी तसे केले नाही. शहरातील प्रमुख गृहस्थांस एकत्र करून त्यांनी सरकारकडे अर्ज केला. जे घडले त्याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला, पकडलेल्यांवर दया करावी अशी विनंती केली आणि कुत्र्यांच्या हत्येमुळे लोकांच्या भावना किती दुखावल्या आहेत हेही समजावून सांगितले. पुढे सरकारने कुत्री मारण्याऐवजी ती पकडून शहराबाहेर नेण्यास संमती दिली.

आता खरा प्रश्न उभा राहिला. पकडलेली कुत्री न्यावयाची कोठे? त्यांना खाऊ कोण घालणार? मारू नका, असे सांगणे सोपे असते. न मारलेल्या जिवाचा भार उचलण्यास पैसा लागतो, जागा लागते आणि रोज उठून काम करणारी माणसे लागतात. दंग्यात धावलेल्या शेकडो लोकांपैकी कितींनी हा विचार केला असेल?

तो विचार जमशेटजी आणि मोतीशा शेठ या दोघांनी केला. गुजरातेत पांजरपोळांची परंपरा पूर्वापार होती. पोळ म्हणजे वेशीच्या आतील बंदिस्त वस्ती. म्हातारी, लंगडी, टाकून दिलेली जनावरे अशा बंदिस्त जागी ठेवून महाजन त्यांना चारापाणी पुरवीत. १६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी खंबायतेस आला होता. तेथे आजारी व जखमी पक्ष्यांसाठी चालविलेले रुग्णालय पाहून तो आश्चर्याने थक्क झाला. त्याहूनही मागे, सम्राट अशोकाने माणसांप्रमाणे पशूंसाठीही औषधोपचाराची सोय केल्याचा उल्लेख गिरनारच्या शिलालेखात आहे. ही जुनी वाट या दोघांनी मुंबईत आणली. १८३४ साली भुलेश्वर भागात मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. एक पारशी आणि एक जैन यांनी मिळून हे काम केले. पैसा केवळ या दोघांचाच नव्हता. इतर व्यापाऱ्यांनीही आपल्या मालावर थोडी थोडी लाग बसवून ती रक्कम पांजरपोळास देण्याचे ठरविले. कापसाची गासडी विकली की तिच्यातून मुक्या जिवांचा वाटा निघे.

कुत्र्यांसाठी म्हणून आरंभ झालेल्या या जागेत पुढे गाई, बैल, घोडे, शेळ्या आणि पक्षी यांनाही थारा मिळाला. भाकड गाय, गाडीखाली पाय मोडलेला बैल, म्हातारा झाल्यामुळे मालकाने सोडलेला घोडा, असे नाना तऱ्हेचे जीव तेथे येत.

मार खाऊन आलेले कुत्रे सांभाळणे हे साधे काम नव्हे. भ्यालेले कुत्रे नेहमी भुंकतेच असे नाही. पुष्कळदा ते कोपऱ्यात अंग चोरून बसते, कान मागे पाडते, अन्नाकडे पाहते पण त्याला तोंड लावीत नाही. अशा वेळी कोणी त्याच्या डोक्याकडे एकदम हात नेला तर ते चावा घेते, कारण उगारलेल्या हाताचीच त्याला ओळख असते. अशा कुत्र्याजवळ घाई चालत नाही. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाने अन्न ठेवावे, थोडे दूर बाजूला वळून बसावे, त्याच्या डोळ्यांस डोळा भिडवू नये. काही दिवसांनी ते माणूस तेथे असतानाच खाऊ लागते. काही आठवड्यांनी, क्वचित काही महिन्यांनी, ते आपण होऊन जवळ येऊन हात हुंगते. पहिल्यांदा शेपटी हलली म्हणजे अर्धे काम झाले असे समजावे. ज्यांनी अशी कुत्री पाळली आहेत त्यांना हा अनुभव असतो.

पांजरपोळातील प्रत्येक कुत्र्याच्या वाट्यास अशी माया आली असेल असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात पांजरपोळ पाहून गेलेल्या काही परदेशी प्रवाशांनी तेथील दाटीबद्दल आणि रोगट जनावरांच्या हालांबद्दल कडक शब्दांत लिहिले आहे. त्यांच्या टीकेत तथ्य होते. जनावरे येत राहिली आणि जागा अपुरी पडू लागली. कुत्र्यांची पैदास रोखण्याचा उपाय तेव्हा कोणाजवळ नव्हता. तरी त्या काळी इतरत्र काय स्थिती होती हेही ध्यानात घ्यावयास हवे. लंडन शहरात टाकलेल्या कुत्र्यांसाठी पहिले मोठे आश्रयगृह मेरी टील्बी या बाईंनी १८६० साली काढले. मुंबईचा पांजरपोळ त्याआधी सव्वीस वर्षे चालू होता.

जमशेटजींचा मान पुढे वाढतच गेला. १८४२ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि १८५७ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरेचा किताब मिळाला. हे दोन्ही बहुमान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. बाटल्यांच्या दुकानात राबलेल्या मुलाच्या नावाने आता शाळा, रुग्णालये, धर्मशाळा आणि अग्याऱ्या उभ्या राहिल्या. त्यांच्या घरी येणाऱ्या याचकांत सर्व जातिधर्मांची माणसे असत. १४ एप्रिल १८५९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मोतीशा शेठ त्यापूर्वीच, १८३६ मध्ये, म्हणजे पांजरपोळ उभा राहिल्यावर दोनच वर्षांनी वारले होते.

ज्या रोगाच्या भीतीतून १८३२ चा सारा अनर्थ घडला, त्या रोगावर तोड निघाली ती जमशेटजींच्या मृत्यूनंतर. १८८५ च्या जुलै महिन्यात लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोझेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास आपली नवी लस टोचली. मुलगा वाचला. आज कुत्रा चावला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून लगेच रुग्णालयात जाऊन लस घेतली म्हणजे हा रोग टळतो. कुत्र्यांनाही या रोगावरची लस आधीच टोचून ठेवता येते.

तरीही मुंबई शहरात कुत्री मारणे पुढे पुष्कळ वर्षे चालूच राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, १९९४ मध्ये, तेथील महानगरपालिकेने ते थांबविले आणि मोकाट कुत्र्यांची शस्त्रक्रिया करून त्यांची पैदास रोखण्याचा मार्ग स्वीकारला. २००१ साली केंद्र सरकारने त्याविषयी साऱ्या देशासाठी नियम केले. या नियमांनुसार कुत्र्यास पकडून नेत, त्याची शस्त्रक्रिया करीत, लस टोचीत आणि जेथून उचलले त्याच गल्लीत परत आणून सोडीत.

भुलेश्वरच्या गजबजलेल्या बाजारात, कापडाच्या आणि भांड्यांच्या दुकानांच्या मागे, १८३४ सालचा तो पांजरपोळ अजून आहे. आत शिरले की बाजाराचा गलका थोडा मागे पडतो आणि गाईंच्या गळ्यांतील घंटांचा आवाज ऐकू येतो.